गोणपाटावरची मालती

किस्से कुणी जमवत नसतं. ते आपोआप साचतात. साखर कारखान्याच्या कॉलनीत तर फारच, कारण तिथं सगळी माणसं एकाच भोंग्यावर उठतात, एकाच नळावर भांडतात आणि संध्याकाळी एकाच क्लबात येऊन बसतात. मी पुणतांब्याच्या बाजूच्या एका कारखान्यात लॅब केमिस्ट होतो. तिथून निघताना बाकीच्यांनी घड्याळं आणि शाली आणल्या, मी किस्से आणले.

आज हे सगळं उकरून काढायचं कारण म्हणजे माझी भाची आणि तिचा नवरा. दोघंही कॉम्प्युटरवाले. परवा जेवताना त्यांचा विषय चालला होता, की टीव्हीवरच्या मालिकांवरून जे व्हिडिओ गेम काढतात ते खेळण्याच्या लायकीचे असतात का? दोघांचं एकमत झालं की नसतात. म्हणे, गोष्ट आधीच ठाऊक असते, मग खेळायचं काय? मी तोंड उघडलं तर जावई म्हणाला, "मामा, तुम्हाला नाही कळायचं यातलं."

मला नाही कळायचं! अरे, एकाहत्तर-बाहत्तर साली नगर जिल्ह्यात टीव्ही कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता, तेव्हा आम्ही मालिकेवरचा गेम खेळत होतो. मालिका रेडिओवरची आणि गेम गोणपाटावरचा. तो लायकीचा होता की नाही ते ऐकून तुम्ही ठरवा. माझं कधीच ठरलंय आणि मी ते बदलणार नाही.

*

दर गुरुवारी संध्याकाळी रेडिओवर 'देशमुखांचं बिऱ्हाड' नावाची मालिका लागायची. करारी आबासाहेब, त्यांची सून मालती, घर सोडून पळायला टपलेला धाकटा मुलगा वसंत, आणि सगळ्या भानगडींच्या मुळाशी असलेला गजामामा. कॉलनीतले सगळे क्लबच्या रेडिओभोवती बसून ती ऐकायचे. संपली की पुढचे सात दिवस करायचं काय, हा प्रश्न असायचा.

माझी बायको रूथ कॉलनीतल्या शाळेत शिक्षिका. तिनं साखरेचं एक रिकामं पोतं उसवलं आणि पोत्यांवर शिक्का मारायच्या काळ्या शाईनं त्यावर देशमुखांचं अख्खं घर काढलं. विहीर, अंगण, ओसरी, स्वयंपाकघर, आणि मधोमध माजघर. सगळीकडून चौकोनांची वाट. सोंगट्या म्हणून लॅबमधल्या बाटल्यांची बुचं दिली मी. कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितके चौकोन पुढं जायचं, आणि माजघर गाठायचं. प्रत्येकानं मालिकेतलं एकेक माणूस व्हायचं. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की रेडिओवर जे झालं ते पटावर झालं. वसंत आजारी पडला तर वसंताचं दान गेलं. कुणाची भरभराट झाली तर त्याला जादा दान.

स्टोअरकीपर जगताप आबासाहेब झाले. मिल हाउसचा फिटर दगडूभाऊ गजामामा झाला. मी वसंत. मालती व्हायला कुणी मिळेना, म्हणून रूथ सरळ दगडूभाऊच्या क्वार्टरवर गेली आणि त्याच्या बहिणीला, यमुनाला, घेऊन आली.

यमुनाचं सासर कर्जतकडं. आठ दिवस माहेरी राहा म्हणून नवऱ्यानं भावाकडं आणून सोडलं होतं आणि मग कुणी न्यायला आलंच नाही. नवऱ्यानं दुसरी केली होती. पाण्यापुरतं नळावर जाणं सोडलं तर ती घराबाहेर पडत नव्हती, कारण नळावर बायका चौकशी करायच्या. ती रूथला म्हणाली होती, की मला खेळ येत नाही. रूथ म्हणाली, "कुणालाच येत नाही. कालच काढलाय."

पहिल्या गुरुवारी यमुना भिंतीला टेकून बसली आणि कवड्या टाकताना तिनं पदर तोंडावर धरला. चौथ्या-पाचव्या गुरुवारी ती माझ्या वसंताला ओसरीवर अडवून चक्क हसली. दगडूभाऊ मला दुसऱ्या दिवशी लॅबच्या दारात गाठून म्हणाला, "सायेब, काय बी करा, पन त्यो पट बंद पडू देऊ नका."

*

पट बंद पाडायला एकजण टपलेला होताच. क्लबचे सेक्रेटरी. हे कारखान्यात टाइमकीपर होते आणि माणसांकडंसुद्धा उशीर झाल्यासारखं बघायचे. त्यांच्या मते कॅरम हा खेळ, बुद्धिबळ हा खेळ, आणि आमचं ते पोरखेळापेक्षा खालचं. एकदा कमिटीपुढं ते उभे राहिले आणि म्हणाले, की खेळ म्हणजे नियम, आणि यांचा खेळ रेडिओच्या लहरीवर चालतो. त्यातून बायकामाणसं पुरुषांबरोबर बसतात. टेबल कॅरमला परत द्या.

रूथ म्हणाली, "आमचा एक नियम आहे, आणि तो आम्ही पाळतो. कॅरमवाले रिबाउंडवरून दर आठवड्याला भांडतात."

कमिटीनं मधला मार्ग काढला. जोवर नियम पाळाल तोवर टेबल तुमचं. ज्या दिवशी तुम्हीच तुमचा नियम मोडाल त्या दिवशी पट गुंडाळायचा. सेक्रेटरींनी मान डोलावली आणि तेव्हापासून ते दर गुरुवारी आमच्या टेबलाशी उभे राहायला लागले. नियम कधी मोडतोय याची वाट बघत!

*

रेडिओवर गजामामाला पोलिसांनी पकडलं. झालं! दगडूभाऊ तुरुंगात. रूथनं पटाच्या कोपऱ्यात गज काढले आणि त्याचं बूच आत ठेवलं. गजामामा सुटेपर्यंत दगडूभाऊला दान नाही.

दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. पण सेक्रेटरी बघत होते ना! दगडूभाऊ दर गुरुवारी यायचा, खुर्ची भिंतीकडं फिरवून कैद्यासारखा बसायचा. कुणी चहा दिला तर आधी रूथकडं बघून विचारायचा, की तुरुंगात चहा चालतो का.

अशाच एका गुरुवारी, ऐन सीझनमध्ये, मिल बंद पडली. रोलर अडकला होता. गाळप थांबलं म्हणजे कारखान्याचा श्वासच थांबला. बोलवायला शिपाई आला तर दगडूभाऊ जागचा हलेना. शेवटी चीफ इंजिनिअर स्वतः धावत आले. तापट माणूस. दगडूभाऊ त्यांना शांतपणे म्हणाला, "सायेब, मी अटकेत हाय. जामीन लागंल."

चीफ इंजिनिअरांनी आमच्या सगळ्यांकडं एकदा पाहिलं आणि म्हणाले, "मी राहतो जामीन. चल."

तासाभरात मिलचा आवाज सुरू झाला. आम्हाला वाटलं सुटला बिचारा, घरी गेला असेल. तर कोपरापर्यंत ग्रीस माखलेला दगडूभाऊ परत आला, खुर्ची भिंतीकडं फिरवली आणि बसला. मागोमाग चीफ इंजिनिअर. त्यांना खात्री करून घ्यायची होती. जामीन ते राहिले होते!

*

जगतापांचं प्रकरण वेगळं. साधा माणूस, पण आबासाहेब झाल्यापासून त्यांचा आवाज बदलला. स्टोअरमध्ये कुणी यंत्रं पुसायला जादा कॉटन वेस्ट मागितलं की ते मिशीवर हात फिरवून म्हणायचे, "या घराण्यात असं चालत नाही." घरी तर त्यांनी जेवणाचं ताट आणून द्यायला लावलं, पाणी हातात द्यायला लावलं, आणि मुलांना उभं राहून बोलायला लावलं.

एके दिवशी जगतापवहिनी रूथकडं आल्या. आम्ही समजलो, आता पटाला शिव्या घालणार. सेक्रेटरींनाही कुणकुण लागली होती, तेही आशेनं फाटकाशी रेंगाळले. वहिनी म्हणाल्या, "बाई, एक करा. फुडच्या महिन्यात ह्यांना मालती द्या. निदान चहाचा कप उचलून ठेवतील."

*

रेडिओवर मालतीला मुलगी झाली. आता पटावर बाळ हवं. होमिओपॅथीच्या बाटलीचं इवलंसं बूच मी आणून दिलं आणि ते यमुनाच्या मालतीशेजारी ठेवलं. कॉलनीतल्या बायका म्हणाल्या, की बाळ आलंय तर बारसं व्हायला पाहिजे. त्याच बायका बरं का, नळावरच्या. बारसं आमच्या क्वार्टरवर झालं. बुचाला ताटात ठेवून गाणी म्हटली. यमुनानं घुगऱ्या केल्या आणि घरोघर स्वतः जाऊन वाटल्या. ती एवढी दारं हिंडली ते बघून दगडूभाऊ आमच्या अंगणात डोळे पुसत उभा होता.

भानगड दुसऱ्या दिवशी झाली. घुगऱ्या ऑफिसातसुद्धा पोचल्या होत्या. कुणीतरी विचारलं, बारसं कुणाकडं? उत्तर मिळालं, केमिस्टसाहेबांकडं. संध्याकाळपर्यंत मला अकाउंट्सपासून ऊसविभागापर्यंत सगळ्यांनी शुभेच्छा दिल्या. मॅनेजरसाहेबांच्या मिसेसनी तर झबलं-टोपडं धाडलं, हातानं विणलेलं.

मी रूथला म्हणालो, परत करून येतो, खरं काय ते सांगतो. रूथनं झबलं उलटंसुलटं करून पाहिलं आणि पेटीत ठेवलं. म्हणाली, "नियम मोडायचा नाही. रेडिओवर झालं ते झालं."

आमच्या थोरलीला ते पुढच्या वर्षी अगदी बरोबर बसलं.

*

मला सगळ्यात आवडतो तो वादळाचा किस्सा.

गुरुवारीच वादळ झालं, तारा तुटल्या, कॉलनी अंधारात. ट्रान्झिस्टर होता एकट्या जगतापांकडं, आणि त्याचे सेल संपलेले. मालिका हुकली! आता पट खेळायचा कसा? रेडिओवर काय झालं ते कळल्याशिवाय खेळलं तर नियम मोडला. सेक्रेटरी कंदील घेऊन हजर होतेच.

ठरलं असं, की दुसऱ्या दिवशी बाहेरून माहिती काढायची आणि मग खेळायचं. दगडूभाऊ सायकलवर पुणतांब्याला गेला. तिथला केशकर्तनालयवाला म्हणाला, वसंत घरातून पळाला. अगदी रडत सांगितलं त्यानं. जगतापांनी संगमनेरहून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, पळाला कसला, झाडावरून पडला आणि पाय मोडला, मी स्वतः ऐकलं. ऊस घेऊन आलेले गाडीवान म्हणाले, सगळं खोटं, वसंतानं तालुक्याला जाऊन लग्न केलं, पोरगी गोऱ्या रंगाची आहे. रेडिओवर रंग कसा दिसला ते मी विचारलं नाही.

रूथनं तिन्ही साक्षी ऐकल्या आणि निकाल दिला, की तिघंही शपथेवर सांगतायत, तेव्हा तिन्ही गोष्टी झाल्या. त्या एका संध्याकाळी माझा वसंत घरातून पळाला, पाय मोडून घेतला आणि मोडक्या पायानं बोहल्यावर चढला. सेक्रेटरींनासुद्धा हरकत घेता आली नाही.

पुढच्या गुरुवारी रेडिओ लावला. निवेदिका म्हणाली, की गेल्या गुरुवारी एका पुढाऱ्याच्या भाषणामुळं 'देशमुखांचं बिऱ्हाड' सादर होऊ शकलं नाही, त्याबद्दल दिलगीर आहोत.

*

सेक्रेटरींविषयी एवढं बोललो, तर हेही सांगून टाकतो. मालतीच्या बाळाला रेडिओवर ताप आला तो गुरुवार. मालिका ऐकणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून ते रेडिओच्या वेळी बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालायचे आणि पट सुरू झाला की आत यायचे. त्या दिवशी नेमकी बाळाला डॉक्टरकडं नेताना मालिका संपली. पुढचं पुढच्या गुरुवारी.

सोमवारी लॅबचा फोन वाजला. टाइम ऑफिसमधून सेक्रेटरी बोलत होते. आधी हजेरीबद्दल काहीतरी विचारलं, मग हवापाण्याबद्दल. मग जरा थांबून म्हणाले, "तुमच्या मिसेस शाळेत आहेत, त्यांना पोरांच्या आजारातलं कळत असेल. असा ताप साधारण किती दिवसांत उतरतो?"

मी म्हणालो, गुरुवारपर्यंत उतरेल. त्यांनी फोन ठेवला. गुरुवारी पुन्हा तसेच टेबलाशी उभे, भुवया चढवून. म्हणजे टीका सोडली नाही, बरं का. मीही त्यांना तो फोन कधी विसरू दिला नाही.

*

आता शेवटचा.

त्या गुरुवारी क्लब गच्च भरला होता, कारण आबासाहेबांना कुणीतरी मालतीविरुद्ध भडकवलं आहे हे गेल्या खेपेला कळलं होतं. सगळे कान देऊन ऐकत होते. रेडिओवर आबासाहेब गरजले, की मालती, या घराशी तुझा संबंध संपला, पोरीला घे आणि चालती हो. दार लावल्याचा आवाज आला, कडी घातल्याचा आला, आणि संगीत सुरू झालं.

कुणी रेडिओ बंद करायलाही उठलं नाही. मालतीपेक्षा सगळ्यांना टेबलाशी बसलेली यमुना दिसत होती. सासरची कडी तिच्या पाठीमागंही अशीच लागली होती, फक्त आवाज न करता, हे कॉलनीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

सेक्रेटरी व्हरांड्यातून आत येऊन पुढं आले. टेबलावर पंजा टेकून उभे राहिले. म्हणाले, "मालती घराबाहेर. म्हणजे पटाबाहेर. सोंगटी काढा."

जगताप म्हणाले, मी आबासाहेब आहे, मी तिला काढत नाही. आवाजात आबासाहेब अजिबात नव्हता. सेक्रेटरी म्हणाले, की तुम्ही काढायचा प्रश्नच नाही, रेडिओनं काढली. मालती राहिली तर नियम मोडला, आणि नियम मोडला तर पट बंद. कमिटीपुढं ठरलंय.

खरंच ठरलेलं होतं. मी रूथकडं पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडं निकाल नव्हता. मालती काढली तर यमुना घरी बसणार, आणि नाही काढली तर पटच जाणार, म्हणजे यमुना घरीच बसणार. मला संताप आला होता, पण संतापून करणार काय? दगडूभाऊ जमिनीकडं बघत होता.

यमुनानं ओसरीवरचं आपलं बूच उचललं. शेजारचं बारकं बूचही उचललं. दोन्ही मुठीत धरून ती उभी राहिली. मला वाटलं, चालली घरी.

ती रूथला म्हणाली, "बाई, मालतीला घराबाहेर काढली. ती मेली असं म्हनला का रेडिओ?"

"नाही."

"मंग कुठंतरी चालत गेली आसंल."

रूथच्या पिशवीत शाळेतला खडू असायचा. यमुनानं तो मागून घेतला. गोणपाटावर जिथं देशमुखांचं दार काढलं होतं, तिथंच गोणपाटाची कड होती. त्या कडेला लागून, टेबलाच्या लाकडावर, तिनं एक चौकोन काढला. दोन्ही बुचं त्यात ठेवली. त्याच्यापुढं दुसरा चौकोन काढला, मग तिसरा. रेघा वाकड्यातिकड्या येत होत्या. तिला कुणी शाळेत घातलं नव्हतं.

"टेबल क्लबचं आहे," सेक्रेटरी म्हणाले. "सागवानी आहे. नवीन पॉलिश केलंय."

यमुनानं वर पाहिलं नाही. ती टेबलाच्या कडेकडेनं चौकोन काढत पुढं सरकत राहिली. काढता काढता खडू सेक्रेटरींच्या पंजापाशी येऊन थांबला.

"हात काढा, सायेब," ती म्हणाली. "मला फुडं जायचंय."

सेक्रेटरींनी हात काढला.